सिस्टम : 16.8 जीबी

फळछाटणीनंतरचा महिना-दीड महिना द्राक्षबागायतदाराला मोबाईलपेक्षा टॅब बरा पडतो. पोंगा, म्हणजे वेलीचा नवा कोंब, फुटल्यापासून रोज पानं उलटून बघायची. पानावर तेलकट डाग दिसला की फोटो काढायचा, मोठा करून बघायचा आणि डावणी हा बुरशीचा रोग वाटला तर लगेच सल्लागाराला पाठवायचा. शिवाय प्रत्येक फवारणीची नोंद असते. बाटलीवरचा बॅच नंबर, मात्रा, तारीख, काढणीपूर्व किती दिवस थांबायचं, सगळ्याचे फोटो. माल निर्यातीला द्यायचा असेल तर रेसिड्यूच्या, म्हणजे औषधाचा अंश तपासण्याच्या वेळी हे काढून दाखवावं लागतं. तासगाव तालुक्यात आमच्यासारख्या अनेकांचं हे रजिस्टर आता टॅबमध्येच असतं.

ऐन त्याच दिवसांत टॅबवर अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली. अपडेट झालं, टॅब चालू झाला, दिसायलाही जरा बरा वाटला. दुपारी बागेत कॅमेरा उघडला तर तो म्हणाला, जागा शिल्लक नाही.

माझा टॅब 32 जीबीचा आहे. हंगामाच्या तोंडावर मी मुद्दाम बघून ठेवलं होतं, सहा जीबीच्या आसपास मोकळे होते. आता सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडलं तर मोकळी जागा 0.4 जीबी. फोटो-व्हिडिओ जेवढे होते तेवढेच, ॲप्सही आठच जीबी. वाढली होती एकच ओळ. आधी अकराच्या आसपास असलेलं सिस्टम आता 16.8 जीबी दाखवत होतं. त्या ओळीवर बोट ठेवलं की आत काही उघडत नाही. अँड्रॉइड चालवायला लागणाऱ्या फाइल्स यात आहेत, एवढं एक वाक्य येतं आणि संपलं.

गावातल्या मोबाईलवाल्याने बघता बघता सांगितलं, "अण्णा, 32 कधी 32 नसतात. दोन-तीन जीबी कंपनीच खाते." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या गोष्टीचं. कंपनी जीबी मोजते ते हजाराच्या पटीत, संगणक मोजतो 1024 च्या पटीत. त्यामुळे डब्यावरचे 32 संगणकाच्या हिशोबात 29.8 होतात. पण हा फरक टॅब विकत घेतला त्या दिवसापासूनचा. अपडेटमध्ये गेलेल्या साडेपाच जीबींचा त्याच्याशी काही संबंध नाही. मग त्याने सफाई करणारं एक ॲप टॅबमध्ये बसवून दिलं. त्या ॲपने स्वतःच शंभरेक एमबी जागा घेतली, चार जाहिराती दाखवल्या आणि "तुमचा टॅब आता वेगवान झाला" म्हणून मोकळं झालं. घरी आल्यावर आधी ते काढून टाकलं.

दरम्यान मी माझ्या परीने जुने व्हिडिओ पुसायला घेतले. फुल एचडीचा एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर ते सव्वाशे एमबी घेतो, तेव्हा आठ-दहा पुसले की एक जीबी सुटायला हवा. पुसले. मोकळी जागा 0.4 च. परत काही पुसले, तरी 0.4. इथे माझं डोकं फिरायला लागलं.

माझा भाचा सांगलीला वालचंद कॉलेजात शिकतो, विश्रामबागेत खोली करून राहतो. बेदाण्याच्या कामासाठी मार्केट यार्डात जायचंच होतं, तेव्हा टॅब बरोबर घेतला. वाटेत एका दुरुस्ती केंद्रातही दाखवला. तिथल्या मुलाने टॅब हातातही नीट धरला नाही. "फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल, या फॉर्मवर सही करा." मी विचारलं, फॉरमॅट करून जागा नक्की परत येईल का? म्हणाला, बहुतेक. एवढ्या बहुतेकवर हंगामाचं रजिस्टर कोण पुसून घेईल? सही केली नाही.

फॉरमॅटमध्ये आणखी एक भानगड असते, ती भाच्याने नंतर सांगितली. अँड्रॉइड 5.1 पासून चोरीविरुद्धचं एक कुलूप आलं आहे. टॅब बाहेरून, म्हणजे बटणं दाबून रीसेट केला, की चालू होताना तो आधीच्याच गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. आमच्याकडे निम्म्या लोकांची खाती दुकानदाराने टॅब विकताना उघडून दिलेली. पासवर्ड त्याच्याही लक्षात नाही आणि आमच्याही. म्हणजे जागा मिळेल, पण टॅब उघडणार नाही. माझा पासवर्ड मला माहीत होता. पण तुम्ही फॉरमॅटच्या वाटेला जाणार असाल तर आधी ते खातं दुसऱ्या मोबाईलवर उघडून बघा, उघडतं का.

भाच्याने टॅब घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, ते पुसलेले व्हिडिओ ट्रॅशमधून काढले का?" गॅलरीत एका कोपऱ्यात ट्रॅश होतं. पुसलेलं सगळं तिथे जसंच्या तसं. फाइल्सच्या ॲपमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायची सोय चालू करून त्याने मला फोल्डरच दाखवला. प्रत्येक व्हिडिओच्या नावाआधी एक टिंब, मग 'ट्रॅश्ड' असा शब्द, मग लांबलचक आकडा, आणि त्यानंतर मूळ नाव. तो आकडा म्हणजे फाइल कधी खरोखर पुसायची ती वेळ. साधारण 30 दिवसांनी ती आपोआप जाते, तोवर जागा अडवून बसते. अँड्रॉइड 11 पासून ही सोय सिस्टममध्येच आली आहे. शिवाय गुगल फोटोजचं ट्रॅश वेगळं, तिथे बॅकअप झालेले फोटो 60 दिवस राहतात. ट्रॅश रिकामं केल्यावर तो एक जीबी सुटला. पण ती माझ्याच व्हिडिओंची जागा होती. अपडेटमध्ये गेलेली अजून गेलेलीच होती.

मग तो त्या सिस्टमच्या ओळीकडे वळला, आणि मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगाची वाटलेली गोष्ट त्याने तेव्हा सांगितली. टॅब त्या ओळीतला आकडा मोजत नाही. फोटो किती, ॲप्स किती, ऑडिओ किती हे तो मोजतो, आणि वापरलेल्यातून हे सगळं वजा करून जे उरतं ते सिस्टमच्या नावावर टाकतो. बेदाण्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, अडत दाखवून झाल्यावर शेवटी "इतर" म्हणून एक रक्कम असते ना, तसला तो प्रकार. मी तोवर समजत होतो की नवं अँड्रॉइडच साडेपाच जीबीने फुगलं. प्रत्यक्षात त्या आकड्यात ज्याचा हिशोब लागत नाही ते सगळं होतं.

हिशोब लावायला त्याने टॅब लॅपटॉपला जोडला. त्यासाठी टॅबच्या माहितीच्या पानावर जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, म्हणजे डेव्हलपरची सेटिंग्ज उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, म्हणजे लॅपटॉपला वायरीवरून टॅबला आज्ञा देता येतात. लॅपटॉपवर एडीबी नावाचं गुगलचं फुकट साधन लागतं. काळ्या पडद्यावर त्याने एक ओळ लिहून टॅबला विचारलं, तुझ्यात व्हर्च्युअल ए/बी आहे का? खालच्या ओळीत एकच शब्द आला, ट्रू.

याचा अर्थ असा. पूर्वी अपडेट करताना टॅब बंद करून अर्धा तास नुसती पट्टी सरकताना बघत बसावं लागायचं. आता आपण टॅब वापरत असतानाच नवी सिस्टम मागच्या मागे तयार होते, म्हणजे अपडेट फसलंच तर जुनी जागेवर शाबूत असते. ही नवी सिस्टम ठेवायला वेगळी जागा राखलेली नसेल तर बदललेले तुकडे आपल्या फोटो-व्हिडिओंच्या जागेत ठेवले जातात. रीस्टार्टनंतर ते तुकडे मूळ सिस्टममध्ये मिसळले जातात आणि मगच आपली जागा सुटते. त्याशिवाय नव्या आवृत्तीनंतर सगळी ॲप्स पुन्हा जुळवून घेण्याचं काम असतं. त्यातलं बरंचसं टॅब चार्जिंगला आणि रिकामा असतानाच होतं. माझा टॅब दिवसभर बागेत आणि रात्री नातवंडांच्या कार्टूनला. रिकामा कधी?

रात्री तो चार्जिंगला लावून कपाटावर ठेवला. सकाळी सिस्टमचा आकडा दीड जीबीने उतरला होता. मी खूश. संध्याकाळपर्यंत तेवढाच परत चढला, आणि मधल्या वेळात मी एकही फोटो काढला नव्हता.

ही दुसरी चढ कळायला जरा वेळ लागला. भाच्याने फोनवरून सांगितलं, "सिस्टम अपडेटचं पान उघडून काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा." वाचलं. मोठ्या आवृत्तीच्या मागोमाग टॅबच्या कंपनीचा सुरक्षेचा आणखी एक अपडेट आला होता. तो आपोआप उतरला होता आणि जागा अपुरी म्हणून अर्ध्यावर थांबला होता. सूचना आली होती, पण आवाज न करणाऱ्या सूचनांच्या ढिगात तळाला. म्हणजे पेच असा, की पूर्ण व्हायला त्याला जागा हवी, आणि पूर्ण झाल्याशिवाय तो अडवलेली जागा सोडणार नाही. मी थोडी जागा केली की तो परत सुरू व्हायचा, तेवढी गिळायचा आणि थांबायचा. मी रिकामं करतोय आणि तो भरतोय, हेच चाललं होतं.

तोडगा एकच, त्याला लागेल त्यापेक्षा जास्त जागा एकदम करायची. सांगलीहून 64 जीबीचं मेमरी कार्ड आणलं. कार्ड घातलं की टॅब दोन पर्याय विचारतो. पहिला, कार्ड टॅबच्या आतल्या जागेचाच भाग करायचा. दुसरा, पोर्टेबल, म्हणजे नुसतं फाइल्स ठेवायला. काही टॅबांत पहिला पर्याय येतच नाही. आला तरी मी घेणार नाही. तसं केलं की कार्ड त्या टॅबच्या किल्लीने कुलूपबंद होतं. उद्या टॅब पाटात पडला तर कार्ड वाचवूनही फोटो दुसरीकडे उघडणार नाहीत. रजिस्टर कार्डावर असावं ते याच्यासाठीच, की कार्ड काढून कुठेही लावता यावं. पोर्टेबल घेतलं.

फोटो-व्हिडिओ हलवताना सरळ 'हलवा' न करता आधी कॉपी केले, कार्डावर मधले चार-पाच उघडून बघितले, मग मूळचे पुसले आणि लगेच ट्रॅशही रिकामं केलं. व्हॉट्सॲपमध्ये 'सेंट' नावाचं एक फोल्डर असतं, आपण पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंची प्रत त्यात साठत जाते. सल्लागाराला हंगामभर पाठवलेला प्रत्येक फोटो तिथे दुसऱ्यांदा बसलेला होता. तोही साफ केला. ॲप्सचा कॅशे, म्हणजे त्यांनी तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स, एकेका ॲपमध्ये जाऊन पुसता येतो. भाच्याने रविवारी येऊन लॅपटॉपवरून एकाच आज्ञेत सगळ्यांचा पुसला, तेव्हा सुमारे एक जीबी सुटला. यातल्या कशानेही माहिती जात नाही. फक्त ॲपच्या पानावर 'कॅशे साफ करा' आणि 'स्टोरेज साफ करा' ही बटणं शेजारी-शेजारी असतात. दुसरं दाबलं तर त्या ॲपमधलं सगळंच जातं, तेवढं जपा.

जागा झाली तसा तो अडकलेला अपडेट हलला. पूर्ण झाला, रीस्टार्ट मागितला, दिला. त्या रात्री कार्टून बंद, टॅब चार्जिंगला. सकाळी सिस्टम 12.3 जीबी.

आधीच्या अकरापेक्षा तो अजून एक-सव्वा जीबीने जास्तच आहे, आणि तेवढा परत येणार नाही. नवी आवृत्ती जुनीपेक्षा मोठी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो मी सोडून दिला. आता आत अकरा जीबी मोकळे आहेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो ठेवायची जागा म्हणून कार्ड निवडलं आहे. अपडेट आपोआप उतरू नये म्हणून ती सोय बंद केली आहे. पुढचे अपडेट येतील ते मणी पक्व होऊन माल उतरल्यावर, मी बसून घेईन. भाचा म्हणतो सुरक्षेचे अपडेट एवढे लांबवू नयेत. त्याचं बरोबर असेल, पण डावणीही थांबत नाही.