मे महिन्यात कांदा घेऊन लासलगाव ते कळमना (नागपूरचा घाऊक बाजार): जालन्यापुढची दुपार टाळाच

'पहाटे पाचला हला, समृद्धीने दुपारी चारला नागपुरात' हा सल्ला नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या प्रत्येक खळ्यावर मिळतो. भरलेल्या दहा टायरी गाडीसाठी मे महिन्यात तो साफ चुकीचा आहे. वेळेचा हिशेब बरोबर बसतो, पण ऐन दुपारी गाडी नेमकी जिथे असू नये तिथे असते.

विंचूर, येवला, कोपरगाव आणि तिथून समृद्धीवर, इथपर्यंत काही त्रास नाही. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत संभाजीनगर मागे पडते. दहानंतर जालना ओलांडले की सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा हा दीड-पावणेदोनशे किलोमीटरचा पट्टा लागतो आणि सगळी फेरी इथे ठरते. सावली नाही, गाव नाही, सिग्नल नाही. ट्रकला 80 ची मर्यादा आहे आणि सरळ रस्त्यावर काटा तिथून हलत नाही. ब्रेक लागत नाही, गिअर बदलत नाही, त्यामुळे टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही. कडेला फुटलेल्या टायरची सालं पडलेली दिसतात, त्यात या सलग तापण्याचाही वाटा असतो.

टायर फुटला की दोष काँक्रीटला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा कमी हवा आणि जास्त वजन. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, आत उष्णता साठते आणि थर सुटतात. मागच्या जोडीतल्या एकात हवा कमी असेल तर त्याचा भार शेजारच्यावर जातो आणि तो चांगला टायरही फुटू शकतो. म्हणून हवा गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, मीटर लावून तपासा. नुसती टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाजावर जाऊ नका. वाटेत तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसणारच. तो पाहून हवा सोडू नका, सोडली तर रात्री थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालतो. पुढच्या एक्सलला रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेले) टायर नकोच. खाचांची खोली कायद्याने 1.6 मिलिमीटर लागते, पण मे महिन्यात तेवढ्यावर पुढचे टायर चालवणे म्हणजे जीव टांगणीला लावणे आहे.

दर दीडशे किलोमीटरला पंपाच्या आवारात थांबा आणि प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंगचे ग्रीस संपलेय. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. जोडीच्या फटीत अडकलेला दगड तिथेच काढा. मोंढ्यात उडणारी कांद्याची टरफलं रेडिएटरच्या जाळीत बसतात, ती भरतीनंतर हवा मारून काढली नाहीत तर मेहकरच्या आसपास इंजिनचा काटा वर चढतो. अशा वेळी झाकण उघडू नका. इंजिन गार होऊ द्या.

कडेच्या पट्टीत गाडी लावून झोपणे हा या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट प्रकार. मागून येणाऱ्याला उभी गाडी चालतीच वाटते. बंद पडलीच तर चारही इंडिकेटर, त्रिकोण निदान शंभर मीटर मागे, आणि माणसे कठड्यापलीकडे. रात्र सुरक्षित असेही समजू नका. 1 जुलै 2023 ला रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, 25 जण गेले.

मग निघायचे कधी? दुपारी चारला. सहाला कोपरगाव, नऊला जालना, साडेअकरापर्यंत मेहकर. कारंजाच्या अलीकडे-पलीकडे पंपावर गाडी लावून एक ते पाच झोप. सकाळी साडेनऊपर्यंत कळमना. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यातच होती (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), ती मालकाची मेहेरबानी नव्हे. व्यापारी घाई करत असेल तर त्याला हे तोंडावर सांगा.

एसी नसलेल्या केबिनमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा असताना खिडकीतून येणारा वारा अंग गार करत नाही, भाजतो. दोघांसाठी पंधरा लिटरचा जार भरून घ्या, तासाला माणशी तीन पेले. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली वेगळी ठेवा. क्लीनर असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर ऊन लागलेय. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, 108 लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

भरतीचे थोडक्यात. 28.5 टनांच्या गाडीत पन्नास किलोच्या 360 गोण्या, म्हणजे 18 टन, याच्या वर एकही नको. जास्त वजनाचा दंड 20,000 पासून सुरू होतो आणि दर जादा टनाला 2,000 वेगळे. ताडपत्री चहूबाजूंनी आवळली तर कांद्याला घाम सुटतो आणि उतरताना गोण्या ओल्या निघतात. वर बांबू टाकून ताडपत्री उचलून धरा, बाजू मोकळ्या ठेवा. अवकाळी आले तरच खाली सोडा.

खरा मनस्ताप मात्र उतराईला. माल घेणाऱ्याकडे पोचल्यावर गोणीमागे पाच रुपये वाराई (माल उतरवण्याची हमाली) मागितली गेली, 1,800 रुपये, तेही बिल्टीत (मालासोबतच्या वाहतूक पावतीत) एक अक्षर नसताना. वर दोनशे किलो तूट दाखवून भाड्यातून कापायची भाषा. 'ज्याचा माल त्याचा हमाल' हे धोरण महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले आहे. ड्रायव्हरने खिशातून हमाली द्यायचे काहीच कारण नाही. पण भांडून गाडी खाली होत नाही, कागद दाखवून होते. म्हणून लासलगावातच बिल्टीवर तीन गोष्टी लिहून घ्या: वाराई माल घेणाऱ्याकडे, उन्हाने होणारी नैसर्गिक घट वाहतूकदाराच्या माथी नाही, आणि बारा तासांत गाडी खाली झाली नाही तर थांबा भाडे किती. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनकाट्याच्या दोन्ही पावत्यांचा फोटो भरतीनंतर लगेच दोन्ही पार्ट्यांना पाठवा.

पार्टीला फोन तीनदाच, पण ठरल्या वेळी: निघताना, झोपायला थांबताना, पोचायच्या दोन तास आधी. उशीर होणार असेल तर तो आधी कळवा. गाडी कुठे आहे हे ज्या व्यापाऱ्याला माहीत असते, तो हमाल तयार ठेवतो. पोचल्यावर ताडपत्रीची गाठ सोडण्याआधी पोच पावतीवर आल्याची वेळ लिहून सही घ्या. नंतर ती वेळ कुणी लिहून देत नाही.