नावच नाही, तर सोडायचं काय?

सिंधुदुर्गात दिवाणी वकिली करणाऱ्याचा अर्धा जन्म जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, लावण्यात जातो. इथे नऊ गुंठ्यांच्या तुकड्यावरही वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात. त्यामुळे हापूसच्या बागेचा सातबारा एकाच नावाचा दिसला की मला आधी शंका येते.

पक्षकार मुंबईचा चाकरमानी. बाग विकायची होती, गिऱ्हाईक ठरलेलं. घेणाऱ्याच्या वकिलाने आत्याचं हक्कसोडपत्र मागितलं होतं, ते मी तयार करायचं होतं. मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबाऱ्याच्या नकला काढल्या. पक्षकाराच्या वडिलांच्या नावापुढे बारीक अक्षरात तीन खुणा होत्या : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन कुटुंबाची. वडील गेल्यावर वारस नोंद झाली ती फक्त मुलाच्या नावाने, आणि संगणकाच्या उताऱ्यात ती तीन अक्षरं उरलीच नाहीत. अशी गळती मी अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी तितकाच संताप येतो. नोंद करणाऱ्याचं काही जात नाही, कोणाचा तरी हिस्सा जातो.

सहीच्या दिवशी आत्या आल्या. विधवा झाल्यावर माहेरी परतलेल्या, कलमांना पाणी घालणाऱ्या, मोहोराच्या दिवसांत माकडं हाकणाऱ्या. सारा त्याच भरत, पावत्या भावाच्या नावाच्या. मी मसुदा वाचून दाखवला. त्यांनी उतारा हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "वकीलसायबानू, हेच्यार माजा नावच नाय. मगे मी सोडतंय काय?"

भाचा म्हणाला, "आत्या, ही नुसती रीत असता."

ही 'रीत' आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी रुजवली आहे. बहिणींना गाडीत घालून आणायचं, फोटो, अंगठा, चहा, की झालं. दुय्यम निबंधक ओळख पाहतो, दस्त नोंदवतो. मालकी कोणाची हे तपासणं त्याचं कामच नाही. पण हक्क लपवून घेतलेली सही पुढे कोर्टात टिकत नाही, आणि टिकली असती तरी मी ती घेतली नसती.

म्हणून भाच्यासमोरच सांगितलं. सातबारा हा महसुलाचा कागद. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते वारशाने, खरेदीखताने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने; तलाठ्याच्या नोंदीने ती येत नाही आणि नोंद गळाली म्हणून जातही नाही. "आजी, जमीन तुमच्या वडिलांची. तुम्ही हिस्सेदार आहात, म्हणूनच तुमची सही हवी आहे."

भाच्याने तोंडी वाटपाचा मुद्दा काढला. वाटप आजोबांच्या वेळीच झालं, आत्याला दागिने दिले, वगैरे. मी सांगितलं, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं तोंडी वाटप अगदी अपवादानेच मान्य होतं, तेही सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर. इथे एक चिठोरंही नव्हतं.

आत्यांनी सही केली नाही. भाचा कागद घेऊन निघून गेला. मला आता दोघांपैकी कोणाचंच वकीलपत्र घेता येत नव्हतं. आत्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवलं. स्त्रियांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, आणि ही गोष्ट आमच्या गावांत जवळजवळ कोणाला ठाऊक नाही, याची मला चीड येते.

त्यांच्या वारस नोंदीवर भाच्याने हरकत घेतली आहे, फेरफार तक्रारी नोंदवहीत गेला आहे. नाव लागेल याची मला खात्री आहे. घोर वेगळाच आहे. जाताना आत्या म्हणाल्या होत्या, "माका विहिरीकडची कलमा होयी, बाकी तेका घेवंदे." वाटप होईपर्यंत त्यांचा हिस्सा प्रत्येक गुंठ्यात आहे आणि नेमका कुठल्याच झाडात नाही. आपसात जमलं नाही तर वाटणीत त्यांच्या वाट्याला वरचा कातळही येऊ शकतो. हे त्यांच्या नव्या वकिलाला मी फोन करून सांगितलं, आणि विहिरीकडच्या कलमांवरचा त्यांचा कब्जा अर्जात पहिल्याच परिच्छेदात मांडायला सांगितलं.