माझ्याच अक्षरातला ‘पा’

मुंबईत बोरा बाजारात आमचा कॅमेऱ्यांचा गाळा आहे. खाली थोरल्या भावाचं विक्रीचं काउंटर, आणि लाकडी शिडीने वर गेलं की पोटमाळ्यावर माझं टेबल. उभं राहिलं तर डोकं पंख्याला लागेल एवढीच उंची, म्हणून गेली सव्वीस वर्षं मी बसूनच काम करतोय. फिल्मच्या कॅमेऱ्यांवर हात बसला, मग डिजिटल आले, मग फोन आले आणि आम्ही माश्या मारत बसलो. आता दोन-तीन वर्षांपासून कॉलेजची पोरं परत शिडी चढून वर येतात. त्यांना तेच खिशात मावणारे जुने कॅमेरे हवे असतात, जे त्यांच्या आईबापांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिले होते.

गेल्या पावसाळ्यातला शनिवार. बाहेर धो धो. भावाने खालून हाक मारली, "लेन्स अडकलीय रे, बघ जरा." आधी एक गळकी छत्री वर आली, मग एक मुलगी, तिच्या मागून तिचे वडील. मुलगी जे. जे. कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला. वडील संगमेश्वरकडचे, एसटीत कंडक्टर. पोरीला भेटायला एक दिवसाची रजा काढून आलेले.

"काका, नऊच दिवस चालला," ती म्हणाली.

प्लास्टिकच्या पिशवीतून तिने चंदेरी कॅमेरा काढला. लेन्स अर्धवट बाहेर येऊन थोडी तिरकी उभी. बटण दाबलं की कर्र कर्र, तीन वेळा ‘टीं’ आणि पडद्यावर लेन्सची चूक. ऑनलाइन घेतलेला, ६,८०० रुपयांना. तिने जाहिरात फोनवर दाखवली: ‘रिफर्बिश्ड, ए ग्रेड, नव्यासारखा.’ रिफर्बिश्ड म्हणजे जुनाच, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला. परत करायची मुदत सात दिवसांची. बिघडला नवव्या दिवशी. विकणाऱ्याने कळवलं होतं की तुमच्या हातून पडला असणार.

"पडलेला नाही ओ," वडील म्हणाले. "ती उशाला घेऊन झोपते."

मी विचारलं, फोन असताना हा कशाला? तर म्हणे, फोनने फोटो काढायला जावं आणि अर्धा तास भलतंच बघत बसावं, असं होतं. ज्यात फोटोशिवाय दुसरं काही करताच येत नाही असं यंत्र तिला हवं होतं. मला हे कारण आवडलं. नाहीतर बरीच मुलं, रीलमध्ये कुणाच्या हातात दिसला म्हणून येतात.

उघडायच्या आधी मी बाहेरूनच चाचपून बघतो. बॅटरी काढून टेबलाच्या काचेवर ठेवली आणि टिचकी मारली. चांगली बॅटरी सपाट बसते, अडखळून थांबते. ही भोवऱ्यासारखी गरगर फिरली. म्हणजे पोटात फुगलेली. मग स्क्रू. चारपैकी दोघांच्या खाचा झिजलेल्या, एक तर भलत्याच कॅमेऱ्याचा. पुढचं कव्हर आणि मागचं कव्हर ट्यूबलाइटखाली धरलं तर चंदेरी रंगात किंचित फरक; एक पिवळटाकडे झुकलेलं. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांची कातडी एकाच अंगावर चढवलेली.

यात वाईट काही नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं. असे कॅमेरे आता फारसे बनत नाहीत. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे, सीपाचे, आकडे बघितले तर २०१० साली असे लेन्स न बदलणारे कॅमेरे वर्षाला १० कोटींहून जास्त बाजारात गेले होते, आणि २०२३ मध्ये जेमतेम १७ लाख. जुन्या मॉडेलचा सुटा भाग कुठून आणणार? मेलेल्या कॅमेऱ्यातूनच. एक जगवायचा तर दुसरा फाडावा लागतो. मीही तेच करतो. प्रश्न एवढाच की आतलं काळीज कुणाचं आहे.

कव्हर उघडल्यावर पहिलं काम फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर मोकळा करणं. अंगठ्याएवढा काळा नळकांडा, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास भार बसलेला असतो, बॅटरी काढून ठेवली तरी. शिकताना माझा हात एकदा असा उडाला होता की चिमटा पंख्यावर जाऊन आदळला. त्यामुळे यूट्यूब बघून घरी हे उघडू नका, असं मी प्रत्येकाला बजावतो. वडिलांना ते फार पटलं. ते दोन पावलं मागे सरकले आणि डोकं पंख्याच्या जाळीला लागलं.

आत सर्किटच्या कडांवर पांढरट-हिरवी भुकटी. मीठ आणि गंज. खाऱ्या पाण्याची ही सही आहे; गोड्या पाण्याने सहसा एवढं होत नाही. वरवर ब्रशने झाडलेलं होतं, पण चिपच्या पायांत तसंच साचलेलं. मीठ हवेतला ओलावा ओढतं. कोरड्या दिवसांत असा कॅमेरा बरा चालतो. मुंबईचा जुलै लागला की आतल्या आत वीज भलतीकडे झिरपायला लागते आणि लेन्सच्या मोटरला धड हुकूम पोचत नाही. नऊ दिवस चालला हेच आश्चर्य.

मग मी फ्लॅशशेजारची पत्र्याची पट्टी उचलली, आणि तिच्यावर सीडी मार्करने लिहिलेलं दिसलं: ‘पा २१-५-१९’.

माझं अक्षर. ‘पा’चा काना खाली ओढून शेपटी काढायची माझी खोड आहे, शाळेत त्यावरून मार खाल्लाय. वर आलेला प्रत्येक कॅमेरा उघडला की आत तारीख आणि खूण टाकायची, ही सवय मला गुरूंनी लावली. ‘प’ म्हणजे पडलेला, ‘वा’ म्हणजे वाळू, ‘बु’ म्हणजे बुरशी, ‘पा’ म्हणजे पाणी. वही काढली. २१ मे २०१९: काशीदच्या समुद्रात पडलेला, बाहेर काढल्यावर मालकाने चालू करून बघितलेला (लोक नेमकं हेच करतात), बोर्ड गेलेला, ‘दुरुस्ती नाही’ असं सांगितलं, न्यायला कुणी आलं नाही.

न नेलेले कॅमेरे पोत्यात जातात. २०२१ साली धंदा बसलेला, भाडं थकलेलं, तेव्हा लॉट घेणाऱ्याला, म्हणजे मोडका माल घाऊक उचलणाऱ्याला, मी ते अख्खं पोतं देऊन टाकलं. त्याने ते पुढे कुणाला दिलं, त्याने कुणाला, हे कोण विचारतो? २०१९ नंतर पाच वर्षांनी माझाच मुडदा पावडर-कुंकू लावून माझ्याच टेबलावर परत आला होता.

त्या दोघांना काहीच दिसलं नव्हतं. पट्टी परत बसवून ‘बोर्ड गेलाय’ म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. दोन-तीन मिनिटं मी नुसताच चिमट्याने भुकटी खरवडत बसलो. मग पट्टी मुलीच्या हातात दिली आणि वही तिच्यासमोर सरकवली.

ती वाचून गप्प झाली. वडिलांनी विचारलं, "पोत्याचे किती आले तुम्हाला?"

"दीड हजार."

"नग किती होते?"

वहीत होतं. "एक्केचाळीस."

"म्हणजे साडेछत्तीस रुपयांना एक," ते लगेच म्हणाले. तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस. "आणि आम्हाला सहा हजार आठशे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता हिशोब होता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

भावाचा स्वभाव माझ्यापेक्षा व्यवहारी. तो खालून म्हणाला, आपल्या लेटरहेडवर लिहून दे. मी लिहिलं: हा कॅमेरा अमुक तारखेला समुद्राचं पाणी गेलेल्या अवस्थेत माझ्याकडे आला होता, मी तो दुरुस्तीपलीकडचा ठरवला होता, ही माझी खूण, हा वहीचा फोटो. बोर्डाचे फोटो मुलीने फोनवर काढले. ते विकणाऱ्याला पाठवायचे, आणि दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवायची, असं ठरलं. खरेदीची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि विकणाऱ्याचं उत्तर तिने जपून ठेवलं होतं, म्हणून तर हे शक्य झालं.

"पण मला सोमवारी असाइनमेंट आहे," ती म्हणाली.

कपाटातून मी तीन कॅमेरे काढले आणि तिला सांगितलं, मी काही सुचवणार नाही, तूच तपास. हे मात्र मी मनापासून शिकवलं, अगदी दुपारचा डबा बाजूला ठेवून. आधी झूम वीस वेळा आत-बाहेर, कॅमेरा छताकडे धरून, मग जमिनीकडे धरून. आवाज बदलला की आतल्या चक्रांचे दात झिजलेले. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवून समोरून फोटो; चारपैकी एकाच कोपऱ्यातली अक्षरं पुसट आली तर लेन्स कधीतरी आपटून कलली आहे. तिच्या पहिल्या कॅमेऱ्याचा डावा खालचा कोपरा असाच पुसट असायचा, हे तिला तेव्हा आठवलं. तिला वाटलं होतं, जुन्या कॅमेऱ्याचा तो लूकच आहे!

मग पांढऱ्या कागदाचा फोटो, झूम पूर्ण ओढून. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, धूळ. हे कॅमेरे भात्यासारखे असतात, लेन्स बाहेर येताना हवा आत ओढतात आणि हवेबरोबर खिशातला कचराही. मग काळ्या कापडात गुंडाळून एक फोटो, कुठे लखलखता ठिपका राहतो का बघायला. शेवटी टॉर्च तिरका धरून लेन्सच्या आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की बुरशी, आणि मुंबईत ती दिसतेच. तीनपैकी एक कॅमेरा तिने बुरशीवरून बाद केला. ती बुरशी मला दिसली नव्हती, हे कबूल करतो.

"काका, यात सीसीडी आहे ना?" तिने विचारलं. सीसीडी म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सरचा प्रकार. हा प्रश्न हल्ली रोज येतो. आहे, म्हटलं. पण त्या सेन्सरला मुलं जी जादू चिकटवतात, तिचा अर्धा भाग समोरून येणाऱ्या भगभगीत फ्लॅशचा आणि कंपनीने आत भरलेल्या रंगांच्या हिशोबाचा असतो, हे माझं मत. दिव्याकडे रोखलं की पडद्यावर उभा जांभळा पट्टा येतो, तो मात्र अस्सल सीसीडीचा.

तिने निवडला कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस. २००८ चा, ८ मेगापिक्सेल, ४ पट झूम. मीही शिकाऊ माणसाला हाच दिला असता. याला पेन्सिल सेल लागतात, दोन. खास बॅटरी मेली की कॅमेरा मेला, ही भानगड नाही. संगमेश्वरच्या स्टँडवरच्या टपरीतही सेल मिळतात. फक्त साधे सेल दिवसभर टिकत नाहीत, म्हणून चार्ज होणारे चार घे म्हटलं. कार्ड ३२ जीबीपर्यंतच. तिने ६४चं आणलं होतं, ते याच्या पचनी पडत नाही. ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) आणि शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते) हाताने बदलता येतात, आणि डोळा लावायची छोटी खिडकी आहे, जी नंतरच्या स्वस्त कॅमेऱ्यांतून गायबच झाली.

दोषही दाखवले. खालच्या बाजूला ओरखडा आणि काळ्या फोटोत उजव्या बाजूला एक लाल ठिपका. दोन्ही गोष्टी बिलावर लिहिल्या, शेजारी मॉडेल आणि सिरियल नंबर. भाव ४,२०० चा. भावाने खालूनच ओरडून ३,००० सांगितला. त्यावर मी काही बोललो नाही. वडील दीड हजार आत्ता आणि बाकीचे तिकडचे पैसे सुटले की, असं म्हणाले. चालेल म्हटलं.

पाऊस थांबल्यावर तिने खाली रस्त्यावर जाऊन पहिला फोटो काढला, खिडकीला डोळा लावून. आमच्या गाळ्याची पाटी घ्यायची होती. वडील ‘मी नको, मी नको’ म्हणत बाजूला सरकले. पण त्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा फोटोत जास्त येतं; ते मी सांगायला विसरलो होतो. पडद्यावर बघितलं तर पाटीच्या कडेला वडील, छत्री झटकताना, तोंड वेडंवाकडं.

पैसे एकोणिसाव्या दिवशी परत आले, कुरियरचा खर्च कापून. तिने येऊन दीड हजार मोजून दिले. मोडका कॅमेरा विकणाऱ्याने परत मागितला होता, पण पट्टी मी ठेवून घेतली आहे, टेबलाच्या काचेखाली.

आता पोत्यात टाकायच्या आधी मी प्रत्येक मेलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी काढतो, चांगले सुटे भाग काढून घेतो आणि उरलेल्या बोर्डातून, सेन्सरमधून ड्रिलने आरपार भोक पाडतो. दिवाळीच्या आधी लॉटवाला आला. त्याने दोन-तीन नग हातात घेतले, भोकाला डोळा लावून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की याला उंदीर लागले का. मग वजनकाटा काढला. अख्ख्या पोत्याचे त्याने एकशे ऐंशी रुपये दिले.