कुत्रा एक, नियम चार

आमच्याकडे बुंदी, आमची कुत्री, आली तेव्हाच घरात ठराव पास झाला होता की सोफ्यावर चढायचं नाही. ठराव एकमताने, अंमलबजावणी शून्य. बाबा ओरडायचे "खाली!", मी म्हणायचे "उतर", मुलगा कुठलेतरी व्हिडिओ बघून "ऑफ, ऑफ" करायचा, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी सिरियल लागली की हळूच, "ये गं बाई, बस इथे, कोणी नाहीये." आता यातून त्या बिचारीने काय समजायचं? तिने बरोब्बर समजून घेतलं, की दुपारी सोफा आपला आणि बाकी वेळी ट्राय मारायला हरकत नाही.

सोसायटीतल्या एका काकांनी लगेच निदान केलं, कुत्र्याला सोफ्यावर घेतलं की तो स्वतःला घरचा मालक समजायला लागतो म्हणे. हे बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतं आणि मला ते अजिबात पटत नाही. हे अल्फा-बिल्फा प्रकरण, म्हणजे कळपात एक दादा असतो आणि बाकीचे त्याला दबून राहतात ही कल्पना, मुळात लांडग्यांवरून आलंय. 1947 साली शेंकेल नावाच्या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले लांडगे, ते भांडणारच ना. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन लांडगा-अभ्यासकाने, ज्याने आधी हीच अल्फाची भाषा लोकांपर्यंत पोचवली होती, त्यानेच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं एवढाच असतो, तिथे गादीसाठी लढाई वगैरे काही चाललेली नसते. आणि आमची बुंदी तर गल्लीतून उचलून आणलेली, तिला कुठलं सिंहासन हवंय! सोफा मऊ आहे, त्याला आमचा सगळ्यांचा वास आहे, तिथून खिडकीतून खालचा भाजीवाला दिसतो आणि घरातली माणसं तिथेच बसतात. मी कुत्रा असते तर मीही तिथेच बसले असते.

पेपरची सुरळी करून फटका द्यायचा जुना उपाय बाबांच्या डोक्यात होता, तो मी चालू दिला नाही. दया येते म्हणून तर नाहीच नाही, पण त्यातून कुत्रा शिकतो एवढंच की बाबा समोर असताना चढायचं नाही. बाबा अंघोळीला गेले की चढायचं. मग आपण घरी आलो की स्वारी दारात शेपूट हलवत उभी आणि सोफा गरम.

खरी गोम वेगळीच असते, ती म्हणजे कधीतरी मिळणारी सूट. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत, दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून मिळत गेला की कबुतर चोच मारणं सोडतच नाही, दाणे बंद झाले तरी कितीतरी वेळ मारत राहतं. लॉटरीच्या तिकिटासारखं आहे हे, एकदा लागली की माणूस घेतच राहतो. आईंची दुपार म्हणजे बुंदीची लॉटरी होती.

मग आम्ही काय केलं, तर आधी शब्द एक केला, "उतर", बाकी सगळे बंद. आणि तिची जागा हॉलमध्येच सोफ्याला चिकटून केली. आधी तिचं अंथरूण बाल्कनीत होतं, तिथे कोण जातंय एकटं बसायला? आईंच्या जुन्या साड्यांची गोधडी, वर माझा न धुतलेला टीशर्ट. ती आपणहून गोधडीवर गेली की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा किंवा पनीर, काहीही न बोलता, तिथेच पंजांपाशी ठेवायचा. सोफ्यावर चढली तर पट्टा धरून ओढायचं नाही, ओढलं की गुरगुरणं सुरू होतं आणि मग वेगळीच भानगड. "उतर" म्हणायचं, हाताने खाली दाखवायचं, उतरली की शाब्बास. पण इथे एक गंमत आहे, ही मंडळी फार हुशार असतात, उतरल्यावर खाऊ मिळतो हे कळलं की मुद्दाम चढून परत उतरतात आणि तुमच्याकडे बघत बसतात. म्हणून चिकन गोधडीवर बसण्याचं, उतरण्याची नुसती शाबासकी. घरात कोणी नसेल तेव्हा सोफ्यावर खुर्च्या उलट्या घालून ठेवायच्या, दिसायला भंगारवाल्याचं दुकान दिसतं पण चोरून चढायची सवयच लागत नाही.

मधे एक काळ असा येतो की सगळं बिघडल्यासारखं वाटतं. बुंदी आधीपेक्षा जास्त चढायला लागली, पंजे मारायला लागली, भुंकायला लागली. आधी चालत होतं ते अचानक चालेनासं झालं की जोर वाढतोच, लिफ्ट येत नसली की आपणही बटण दाबदाबून बघतोच की. नेमकं तेव्हा कोणी कंटाळून "बस बाई एकदाची" म्हणालं की संपलं, पुढच्या वेळी तेवढाच तमाशा ठरलेला.

राहता राहिल्या आई. त्यांना नाही म्हणणं कोणाला जमणार, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या गुडघ्यांना बुंदीची ऊब बरी वाटते. मग मधला मार्ग काढला, एक निळी चादर. चादर अंथरलेली असेल तर यायचं, फक्त तेवढ्यावरच, आणि चादर उचलली की उतरायचं. दुपार झाली की आई स्वतः चादर अंथरतात आणि सिरियल संपली की घडी करून कपाटात ठेवतात, चादर कधीच विसरून पडू देत नाहीत, नियम पाळण्यात त्या आमच्या सगळ्यांत कडक निघाल्या. बुंदीला चादरीचा अर्थ लागला तो बाबांच्या आधी, बाबा अजून विचारतात, "अगं ही वर कशी?"

बेडरूमच्या पलंगाचं म्हणाल तर तिथे आम्ही ट्रेनिंग-बिनिंग काही केलं नाही. दार लावून घेतो.