खडकवासल्याचं पाणी पुढे कुठे जातं?

पुणेकराला खडकवासला दोन कारणांसाठी माहीत असतं. एक, चौपाटीवरचं भाजलेलं कणीस आणि कांदाभजी. दोन, जुलै-ऑगस्टमध्ये धरण किती भरलं याचा रोज सकाळी पेपरात येणारा टक्का. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही साखळी भरली, म्हणजे साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठलं, की आपण वर्षभरासाठी निश्चिंत. विसर्ग सुरू झाला की भिडे पुलावर जाऊन दोन फोटो काढायचे आणि विषय संपला.

पण या धरणातून निघणारा मुठा उजवा कालवा पुण्यात थांबत नाही. शहर ओलांडून तो हवेली, दौंड करत पार इंदापूर तालुक्यात जातो. आणि आपण जे पाणी नळातून घेऊन गटारात सोडतो, तेही त्याच दिशेला, नदीतून. मार्चमध्ये एका मित्राची जुनी गाडी मिळाली आणि आम्ही दोघं या पाण्याच्या मागोमाग निघालो. हिवरे बाजार हे गावही बघायचं होतं, पण ते या पाण्याच्या वाटेवर नाही, त्याबद्दल नंतर.

शहरातला कालवा पाहण्यासारखा नाही. पर्वतीच्या पायथ्यापासून स्वारगेट, हडपसरपर्यंत तो भिंतींच्या आणि वस्त्यांच्या मधून सरपटत जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली आणि भर दिवसा, पाऊस नसताना, लोकांच्या घरात पूर आला. तोपर्यंत आपल्या शेजारून शेतीचं पाणी जातं हे अनेकांना ठाऊकच नव्हतं.

मुंढव्याला मात्र थांबलो. इथे नदीवर बंधारा आहे आणि महापालिकेचं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर. पुण्यानं धरणातलं चांगलं पाणी जास्त घ्यायचं आणि त्या बदल्यात सांडपाणी शुद्ध करून शेतीला द्यायचं, असा हा व्यवहार. वर्षाला साडेसहा टीएमसीचा करार आहे. नदीतलं पाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात टाकतात. त्याला सगळे बेबी कालवाच म्हणतात. कागदावर कल्पना उत्तम आहे, आणि मी ती मनापासून उत्तमच म्हणतो. शहरानं वापरलेलं पाणी शेताला मिळायलाच हवं. प्रश्न फक्त 'शुद्ध करून' या दोन शब्दांचा आहे.

त्याचं उत्तर उरुळीच्या पुढे एका चारीवर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या पाटावर मिळालं. पाणी काळपट, वळणावर साबणासारखा फेस अडकलेला, आणि वास असा की मित्रानं गाडीची काच वर केली ती यवतपर्यंत खाली घेतली नाही. चारीलगत एक मावशी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सुंभ दातात धरून पीळ द्यायचा, गाठ मारायची, जुडी ढिगावर. हात थांबत नव्हता.

"मावशी, हेच पाणी देता का मेथीला?"

"मग काय बिसलेरी देऊ? हिरीचंबी तसलंच झालंय आता. जनावरं तोंड लावत न्हाईत."

"मेथी कुठं जाते?"

"तुमच्याकडंच की. पहाटं टेम्पो येतो, मार्केट यार्डात." मग जुडी ढिगावर टाकत म्हणाल्या, "तुमचंच पाणी, तुमचीच भाजी. आमचं काय, नुस्तं वाकायचं."

आम्ही दोन जुड्या घेतल्या. पैसे घेतले नाहीत त्यांनी. त्या जुड्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका.

दौंड तालुक्यात शिरलं की ऊस सुरू होतो तो संपतच नाही. केडगाव-राहूच्या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. एका ठिकाणी काहिलीत रस उकळत होता, गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं वरची मळी काढत होता, आणि भेंडीच्या रसाचा उग्र हिरवट वास सुटला होता. गरम काकवी मिळाली. या गुऱ्हाळात चुलाणात चिपाड जळत होतं, पण या भागातल्या काही गुऱ्हाळांत शहराकडून आलेलं प्लॅस्टिक आणि भंगार जाळलं जातं, अशा तक्रारी गेली काही वर्षं सतत येत आहेत. म्हणजे शहराचं पाणी उसात, शहराचा कचरा चुलीत आणि गूळ परत शहरात.

गुऱ्हाळावर बसलेल्या एका काकांची जमीन कालव्याच्या अगदी शेवटाकडे. "टेलला हाय मी," ते म्हणाले. टेलला असणं म्हणजे काय हे कालव्यावरच्या माणसाला समजावावं लागत नाही. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटणार की नाही, सुटलं तर किती दिवसांचं, हे कालवा सल्लागार समिती ठरवते. ती बैठक पुण्यात होते. पालकमंत्री, आमदार, अधिकारी बसतात. महापालिका मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलते हा वाद तिथे दरवर्षी होतो आणि दरवर्षी 'समन्वयानं' मिटतो. काकांना निर्णय दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळतो. ऊस लावायचा की नाही हे मात्र आदल्या वर्षीच ठरवावं लागतं. "म्हणून ऊसच लावतो," ते म्हणाले, "दोन पाणी चुकली तरी कांद्यावानी हातचं जात न्हाई." माणशी पाणी कमी, आणि पीक सगळ्यात तहानेलं, यात मूर्खपणा काकांचा नाही. पाणी कधी मिळेल याची खात्री नसलेला माणूस तग धरणारं पीकच निवडणार.

मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा पुढे उजनीत. भिगवणजवळ कुंभारगावला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उजनीबद्दल एक आकडा सांगतो, कारण तो ऐकून मी स्वतः चाट पडलो होतो. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे पुण्याच्या साखळीच्या चौपट. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरायचा नाही असा तळाचा साठा. उपयुक्त पाणी उरतं ५३ च्या आसपास, आणि त्यावर सोलापूर शहर पिण्यासाठी आणि जिल्हा शेतीसाठी डोळे लावून बसलेला. वरच्या शहरांनी काय सोडलं, ते सगळं आधी इथे येऊन साचतं.

पर्यटक इथे येतो तो रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. आम्हीही होडीत बसलोच. उथळ पाण्यात चोची उलट्या बुडवून शेकडो पक्षी चरत होते. एक थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल रंग एकदम उघडा पडला आणि मित्राचा कॅमेरा पिशवीतच राहिला. नावाडी पूर्वी फक्त मासेमारी करायचा. आता हिवाळ्यात पक्षी आणि बाकी वर्ष मासे. त्याच्या आजोबांची जमीन धरणात गेली. जाळ्यात काय येतं विचारलं तर म्हणाला, "चिलापी. दुसरं काय? पूर्वी वाम, मरळ भरपूर. आता पाणीच हिरवं झालंय." होडीच्या कडेला पाणी खरंच पातळ हिरव्या रंगासारखं होतं, आणि काठाला जलपर्णीची गादी. तरीही या गावानं पक्ष्यांवर संसार उभा केलाय. होड्या, जेवण, राहायची सोय. माशाचं कालवण तिखट आणि फर्मास होतं.

दुसऱ्या दिवशी दौंडवरून नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, आणि तिथून हिवरे बाजार. आदर्श गाव म्हणून इतकं ऐकलं होतं की जायचा कंटाळा येत होता. नव्वदपूर्वी हे पैलवानांचं आणि नंतर दारूच्या भट्ट्यांचं गाव होतं. सरकारी माणसाची बदली इथे झाली तर ती शिक्षा समजायचे. १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले आणि पुढची कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. डोंगरावर सलग समतल चर खणले. मोकाट जनावरं बंद झाल्यावर गवत वाढलं, ते कापून गोठ्यात आणलं, आणि दूध वाढलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला दीडशे लिटर होतं, ते पुढे तीन हजारांच्या वर गेलं. मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत आली. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री मिळाली.

हे सगळं छान, पण मला भावला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत हिशोब मांडतात. माणसांना किती, जनावरांना किती, उरलं ते रब्बीला. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं त्या वर्षी नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस नाही, केळी नाही. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. इथला पाऊस पुण्यापेक्षा कितीतरी कमी, पर्जन्यछायेतलं गाव हे.

कांद्याच्या वाफ्यावर एक तरुण भेटला. मी मुद्दाम खोचक विचारलं, "कुणी गुपचूप ऊस लावला तर?"

"लावू द्या की," तो हसला. "पुरुषभर उंच वाढल्यावर लपवणार कुठं?"

मग गंभीर होऊन म्हणाला की नियम पाळायला सोपा जातो, कारण तो ठरला तेव्हा त्याचे वडील सभेत हजर होते आणि त्यांनी विरोधात भांडून घेतलं होतं. टेलच्या काकांना भांडायलाही कुणी बोलावलं नव्हतं, एवढाच मला फरक दिसला. पाण्याचं प्रमाण तर उलटंच होतं.

हिवरे बाजार लहान आहे, एका चौकात सगळं गाव मावतं, आणि पवारांसारखा माणूस तीन दशकं टिकून राहिला हा योगही आहेच. पुणे जिल्ह्याची ग्रामसभा भरवता येणार नाही हे मलाही कळतं. पण शहरानं किती उचललं, किती शुद्ध केलं, मुंढव्यातून काय प्रतीचं किती पाणी सोडलं, हे आकडे उरुळीच्या चावडीवर आणि टेलच्या सोसायटीत दर महिन्याला फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? आणि समितीच्या बैठकीत टेलचे दोन शेतकरी बसले तर खुर्च्या कमी पडतील असं नाही.

जाणार असाल तर थोडं व्यावहारिक. पक्षी बघायचे तर डिसेंबर ते मार्च, आणि होडी सकाळी लवकर घ्या. हिवरे बाजारला मोठा गट नेणार असाल तर आधी ग्रामपंचायतीला कळवा, आणि शाळा सुरू असलेला दिवस निवडा. मुलं पाण्याबद्दल आपल्यापेक्षा बरं बोलतात. बेबी कालवा बघायला परवानगी लागत नाही. सोलापूर रस्त्यानं जाताना उरुळीपाशी काच खाली घेतली की पुरे.