दगडातली हाक

वेंट्रीच्या वाळूवरून निघालो तेव्हा पाऊस नव्हता. खिंड चढेपर्यंत अंगावर कोरडं काही उरलं नाही. आयर्लंडच्या पश्चिम टोकाची ही ‘कोसान ना नेव्ह’, संतांची वाट. ब्रँडन डोंगराच्या पायथ्यापर्यंत १८ किलोमीटर. आमच्या घरी आजीपासून वारी आहे, त्यामुळे १८ म्हणजे फार नाही असं धरून चालले होते.

उतारावर चिखलात डाव्या टाचेचा फोड फुटला. बरोबरचे पुढे गेले. त्यातले एक गृहस्थ प्रत्येक कुंपणापाशी किती मिनिटं झाली ते मोठ्याने सांगायचे. मला इतका राग आला की तोंडातला अभंग दोनदा तुटला.

एका घराच्या फाटकाशी बसले. आतून सत्तरीच्या बाई आल्या. हा आयरिश बोलणारा मुलूख, आणि मला येत होतं एवढंच: ‘दिया गुइत’, देव तुझ्याबरोबर असो. त्यांनी लगेच म्हटलं, ‘दिया इस मुइरा गुइत’, देव आणि मेरीमाता तुझ्याबरोबर असो. आपल्याकडे ‘राम कृष्ण हरी’ला ‘राम कृष्ण हरी’च परत येतं. इथे उत्तर देणारा एक नाव वाढवून देतो.

घमेल्यात गरम पाणी, मूठभर मीठ. पाय शेकून झाल्यावर माझी टाच त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली, पदरानं पुसावी तशी अॅप्रनने पुसली. मग लोकरीचे करडे मोजे घातले. एका टाचेला निळ्या धाग्याची रफू होती. कुठली, कोणत्या देवाची, काही विचारलं नाही. ‘उद्या डोंगरावर वारा असेल,’ एवढंच म्हणाल्या.

ते मोजे घालून वाट थोडी सोडली आणि रिआस्कला वळले. जुन्या मठाची गोल दगडी जोती गवतात उरली आहेत, आणि मधे तो उभा दगड, माझ्या उंचीचा. सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. त्यावर येशूची आकृती नाही. वर्तुळात कमानींनी साधलेला क्रूस, त्याखाली वळत गेलेली वेटोळी. पावसाचं पाणी त्या चरांतून उतरत होतं, म्हणून रेषा काळ्या आणि ठळक दिसत होत्या. बाजूला तीन अक्षरं: डी, एन, ई. लॅटिन ‘डोमिने’चं लघुरूप. हे प्रभो. ‘प्रभू’ नव्हे, ‘प्रभो’, संबोधन. विठ्ठलचं विठ्ठला होतं तसं. छिन्नी धरलेल्या कुणीतरी देवाचं नाव नाही लिहिलं, देवाला हाक मारली, आणि ती तेरा-चौदाशे वर्षं पावसात उभी आहे. मीही मारली. मोठ्याने, आपल्या भाषेत.

मागे पाहिलं तर मिनिटं मोजणारे गृहस्थ मला शोधत परत आले होते. टोपी हातात धरून, गप्प.

पुढे गॅलरसचं जुनं दगडी प्रार्थनाघर, किलमालकेडरचं पडकं चर्च झालं. दुसऱ्या दिवशी ब्रँडनवर खरंच वारा होता. मोजे अजून ओलेच होते, तरी तेच घातले.