नदी कोणाचीच नाही, पण पायऱ्या त्यांच्या

तर आमची फेरी बंद झाली. म्हणजे होडी ठीक आहे, नावाडी ठणठणीत आहे, नदीला पाणीही आहे, फक्त आमच्या बाजूला ज्या पायऱ्या उतरून होडीत बसायचो त्या ज्यांच्या जमिनीत आहेत त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. आता पुलावरून अकरा किलोमीटरचा वळसा, होडीने चार मिनिटं लागायची.

पहिले दोन दिवस मीपण सगळ्यांसारखाच तापलेलो, ग्रुपवर वाट्टेल ते लिहिलं (नंतर डिलीट केलं, पण स्क्रीनशॉट फिरतोय म्हणे). नदी काय यांच्या बापाची आहे का वगैरे. मग मीटिंग झाली आणि मालक शांतपणे म्हणाले, नदी माझी नाहीच, मी नदी अडवलेली नाही, मी माझं फाटक लावलंय. त्या निसरड्या पायरीवरून उद्या कोणी पडलं तर नोटीस मला येणार, आणि होडीत माणसं दहा अन् लाइफ जॅकेट तीन, त्याचं काय? एकजण म्हणाला, आजवर पडलंय का कोणी? आता याला उत्तर म्हणायचं का.

मग निघाला वहिवाटीचा मुद्दा. आजोबांपासून जातोय, आमचा हक्कच आहे. मी घरी येऊन वाचत बसलो, तर आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात २० वर्षं उघडपणे, शांततेत, अखंड वापर असेल तर वाटेचा हक्क मिळू शकतो, इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्यातही तोच २० चा आकडा. पण तो हक्क कोणाच्या तरी जमिनीला जोडलेला असतो, अख्ख्या गावाला हवा असेल तर रूढी वगैरे सिद्ध करत बसायचं. आणि खरी मेख पुढे आहे, वापर हक्काने केलेला हवा, परवानगी मागून केलेला चालत नाही. आणि आमची कमिटी काय करायची, तर दर वर्षी मालकांकडे जाऊन रीतसर परवानगीचं पत्र घेऊन यायची! ती सगळी पत्रं कमिटीतल्या एका काकांनी भर मीटिंगमध्ये अभिमानाने काढून दाखवली, बघा किती चांगले संबंध होते आमचे. मालकांच्या वकिलांनी एकेकाचा फोटो काढला. मी कपाळाला हात लावला.

गंमत म्हणजे लंडनमध्ये थेम्स नदीवर ट्विकनहॅमला एक असाच तंटा गाजला होता, फक्त उलटा. तिथे जुन्या फेरीचा हक्क लॉर्ड डायसार्ट यांच्याकडे, आणि १९०९ मध्ये वॉल्टर हॅमर्टन नावाच्या नावाड्याने जवळच स्वतःची फेरी सुरू केली, म्हणून डायसार्ट यांनी त्याला कोर्टात खेचलं. खटला खालच्या कोर्टात हॅमर्टन जिंकला, अपिलात हरला, आणि १९१५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं तिथलं सर्वात वरचं कोर्ट) पुन्हा जिंकला, ती फेरी अजून चालते. कोर्टाची कारणं वेगळी आणि किचकट आहेत, पण मला त्यात दिसलं ते हे की त्याच्या फेरीच्या एका बाजूला लोकांसाठी खुलं झालेलं पार्क होतं आणि दुसऱ्या बाजूला नदीकाठची सार्वजनिक पायवाट. त्याला उतरायला कोणाचं फाटक उघडून घ्यावं लागलं नाही. आम्ही इतकी वर्षं नदीकडे बघत बसलो, काठाकडे कोणी बघितलंच नाही.

मालक अगदीच अडेल नाहीत बरं का. ते म्हणतात दोन मीटरची पट्टी भाड्याने लिहून देतो, पण विमा तुमचा आणि पायऱ्यांची दुरुस्तीही तुमची. मला तरी हे मान्य करावंसं वाटतं. पण निम्म्या लोकांना भाडं भरणं म्हणजे हार वाटते, त्यांना कोर्टात जायचंय, ती पत्रं हातात असताना! पुढची मीटिंग रविवारी आहे.

होडी सध्या पलीकडच्या काठाला बांधून ठेवलीये. तिकडचा उतार सार्वजनिक आहे.